दोन पट्ट्यांचा सोनाटा

"थांबा, थांबा!" थिओडोर लँगडनने व्हायोलिनचा गज हवेत उचलला. "मिस ब्रॉन्सन, हे तुम्ही वाजवताय की पियानोवरून मांजर चालत गेलं?"

"लिहिलंय तसंच वाजवतेय," ऑर्फा म्हणाली.

"लिहिलंय तसं!" तो तिच्या खांद्यावरून वाकून कागद बघू लागला. लवंगेचा वास, केसांच्या तेलाचा वास, आणि त्या दोन्हींखाली दडवलेला दुपारच्या कांद्याचा वास. ऑर्फाने श्वास रोखला. लँगडन वाकला की श्वास रोखायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. वॉटरबरीत व्हायोलिन शिकणाऱ्या साऱ्या मुली त्याच्याकडे येत आणि त्यांना पियानोची साथ ऑर्फा करी. मुली बेसूर वाजवत, लँगडन त्यांच्या कोपराला हात लावून लावून त्यांना सुधारी, आणि ऑर्फा समोरच्या कागदावरून नजर हलवत नसे. चाळिशी उलटलेल्या, बिनलग्नाच्या साथीदारणीने कुठे बघावं नि कुठे बघू नये, याचे नियम त्या गावात फार जुने होते.

"डाव्या हातात एक पट्टी, उजव्या हातात दुसरी आणि माझं व्हायोलिन तिसऱ्याच गावाला! हे लिहिणारा माणूस बहिरा आहे का?"

"चांगलं ऐकू येतं त्यांना."

"मग पीत असेल."

"शिवत नाहीत."

"मग मुडद्यांच्या संगतीत डोकं फिरलंय. दुसरं काय?" लँगडन हसला आणि त्याने रुमालाने हनुवटी पुसली. "लायप्झिगला आमच्या गुरुजींनी हा कागद चिमट्यात धरून शेगडीत टाकला असता." मग एकदम आठवल्यासारखं तो खाकरला. जर्मनीशी युद्ध संपून चारच महिने झाले होते आणि 'लायप्झिगला' म्हणण्याऐवजी 'युरोपात' म्हणायची सवय त्याला अजून लागायची होती.

खरं तर युद्धामुळेच हे सगळं सुरू झालं होतं. गावातल्या बायकांच्या संगीत मंडळाला जर्मन संगीत वाजवायची सोय राहिली नव्हती. मंडळाच्या अध्यक्षीण मिसेस अपसन. त्यांच्या यजमानांचा पितळेचा कारखाना. त्यांनी ठरवलं, मार्चमध्ये एक दुपार फक्त अमेरिकन संगीताची करायची. गाणी जमली, संचलनाच्या धुना जमल्या, पण 'आपल्या गावचा संगीतकार' हवा होता, म्हणजे वर्तमानपत्रात छापून येतं. आणि गावात संगीत लिहिणारा एकच माणूस होता, जोथम वीक्स.

जोथम वीक्स शवपेट्या बनवी आणि दफनाची सारी व्यवस्था बघे. दुकानाच्या दर्शनी भागात खुर्च्या, टेबलं, आरसे; मागच्या भागात ते दुसरं काम. साठीला टेकलेला, उंच, किंचित वाकलेला माणूस. कबरीपाशी वाजवायला त्याच्याकडे घडी होणारी एक छोटी पायपेटी होती. ती तो स्वतःच वाजवी, म्हणजे लोकांना वाजवणारा वेगळा शोधावा लागत नसे. गावातले सगळे त्याला मान देत आणि त्याच्याशी हात मिळवायची वेळ आली की सगळ्यांच्या हातात काहीतरी सामान असे. त्याने व्हायोलिन आणि पियानोसाठी तीन भागांचा सोनाटा लिहिलाय हे कुणालाच माहीत नव्हतं. मिसेस अपसन आपल्या आईच्या अंत्यविधीचं बोलायला दुकानात गेल्या तेव्हा तो कागद त्यांना टेबलावर दिसला. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचता येत नव्हतं, पण वर 'सोनाटा' लिहिलेलं वाचता आलं, आणि तेवढं पुरलं.

"पहिला भाग बरा जमलाय," ऑर्फा म्हणाली. "सवय झाली की कानाला लागतो."

"सवय कशाचीही होते, मिस ब्रॉन्सन. आपल्या नदीचीसुद्धा होते."

नदी खिडकीतून दिसत होती. कारखान्यांत पितळ चकचकीत करायला ॲसिडात बुडवत आणि ते पाणी नदीत सोडत. मार्चचा बर्फ वितळून वाहत होता तरी पाणी हिरवट-पिवळंच होतं, कुणी ओकल्यासारखं.

त्या दुपारी घरी येऊन ऑर्फाने दुसरा भाग उघडला. लँगडनकडे अजून तिथवर कधी पोचणंच झालं नव्हतं. आधी तिने नुसता पियानो वाजवून पाहिला. ओळखीचं स्तोत्र होतं. तिच्या बहिणीच्या, लोईसच्या आवडीचं. साधंसरळ, चर्चमध्ये म्हणतात तसंच. म्हणजे या माणसाला नीट लिहिता येतं तर, असं तिला वाटलं. मग व्हायोलिनची बाजू कशी असेल ते बघायला ती डाव्या हाताने पियानो वाजवत व्हायोलिनच्या ओळी तोंडाने गुणगुणू लागली. निराळ्या पट्टीतलं, निराळ्या लयीतलं, जड पावलांचं एक गाणं. चार-दोन ओळी झाल्या आणि तिचा हात थबकला.

ते गाणं तिने ऐकलं होतं. एकदाच.

ऑक्टोबरात तापाची साथ आली तेव्हा चर्च बंद केली होती, शाळा बंद केल्या होत्या. माणसं सकाळी अंग दुखतंय म्हणत आणि तिसऱ्या दिवशी टेकडीवरच्या दफनभूमीत जात. लोईस तशीच गेली. ओठ निळे पडले होते तिचे. प्रार्थना काय ती कबरीपाशीच उरकायची, तीही घाईने. आणि तिथे, काही पावलांवर, दुसरी एक कबर उघडी होती. स्वीडिश लोक होते. कारखान्यातली माणसं. ब्रॉन्सनांनी स्तोत्र सुरू केलं, नेमकं त्याच वेळी त्यांनी त्यांचं सुरू केलं. कुणीच थांबलं नाही. उलट दोघांनी आवाज चढवला. त्यांच्यात एक धिप्पाड माणूस होता, उघड्या डोक्याने, बैलासारखा मान खाली घालून गात होता. आपल्या बहिणीच्या मरणाला कुणीतरी कोपराने बाजूला सारतंय असं ऑर्फाला वाटलं होतं. तिला त्या माणसाचा इतका संताप आला होता की लोईससाठी रडायचंच राहून गेलं. आणि दोन्ही घोळक्यांच्या मधोमध, टोपी छातीशी धरून, जोथम वीक्स उभा होता.

त्याने सगळं लिहिलं होतं. वारा आला आणि त्यांचं गाणं तुटलं, तिथे व्हायोलिन गप्प होत होतं. आणि जिथे ऑर्फाचा सूर हुंदक्यात अडकला होता, तिथे पियानोत एक सूर गाळलेला होता.

तिने पियानोचं झाकण आपटलं. अंगावर पाल पडावी तसं झालं तिला. आपण तिथे उभं राहून हुंदका गिळत होतो आणि हा माणूस ऐकत होता, ध्यानात ठेवत होता! तिने कोट चढवला आणि तशीच दुकानावर गेली.

जोथम मागच्या खोलीत, बाही कोपरापर्यंत दुमडून, खरखरीत साबणाने हात घासत होता. त्याचे हात कायम लाल असत.

"बस ना, ऑर्फा."

"बसायला नाही आले. दुसरा भाग वाचला मी. आमची लोईस आहे ती."

त्याने हात धुणं थांबवलं नाही. "हो."

"विचारलं नाहीत."

"नाही विचारलं. काय विचारणार होतो?"

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना." त्याने टॉवेल घेतला. "त्या महिन्यात माझ्याकडे वेळाच उरल्या नव्हत्या, ऑर्फा. तुम्हाला नि त्यांना एकच वेळ दिली, ती चूक माझी. दोन्हीकडचे माझ्याकडे बघत होते, या दुसऱ्यांना गप्प कर म्हणून. मी कुणाला गप्प करणार होतो? आणि तेवढ्यात..." तो बोट अन् बोट वेगळं पुसू लागला. "तेवढ्यात मला ते सुंदर वाटलं."

ऑर्फा त्याच्या लाल बोटांकडे बघत होती.

"एवढी माणसं रडतायत आणि मला सुंदर वाटतंय. मग मला माझीच अशी किळस आली! घरी गेलो, जेवण जाईना. आमची ही म्हणाली, तुम्हालाही ताप आला की काय. लिहून काढल्यावर जेवलो."

"म्हणजे किळस गेली?"

"कुठली जाते? पण आता कागदावर आहे. आधी पोटात होती."

दुकानात बाहेर कुणीतरी खुर्ची ओढून बघत होतं. तिचा पाय करकरत होता.

"तो दुसरा माणूस कोण होता?" ऑर्फाने विचारलं. "मोठा. मान खाली घालून गाणारा."

"हेडलंड. त्याची बायको होती ती. लेथवर काम करतो. त्याला सांगितलंय मी, त्या दुपारी ये म्हणून. त्याला विचारलं, बरं का. तुला विचारायचा धीर झाला नाही."

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, कोट घालावा लागेल का?"

ऑर्फाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. दारापाशी जाऊन ती वळली. "मी नीट वाजवीन," ती म्हणाली. "सगळं. तो गाळलेला सूरसुद्धा."

कार्यक्रमाच्या दुपारी मंडळाच्या दिवाणखान्यात दमट फरचा वास कोंदला होता. बायकांचे कोट बाहेर ओळीने टांगलेले, ओल्या कुत्र्यांसारखे. मागच्या टेबलावर कोंबडीचं सॅलड मांडलेलं, आणि मधोमध गुलाबी जेलीचा एक बुरूज, कुणी जवळून गेलं की थरथरणारा. ऑर्फा हातमोजे काढत होती तेव्हा पडद्यामागे मिसेस अपसन आणि लँगडन बोलत होते.

"पण फारच लांब झालं तर?" मिसेस अपसन विचारत होत्या. "बायका कंटाळतील हो."

"कंटाळणार नाहीत, ते माझ्यावर सोपवा. सरळ वाजवलं तर दोन मिनिटांत उठून जातील. गमतीने वाजवलं तर पोट धरून हसतील. शेवटी ठेवलंय ना? हसत हसत चहाला जातील."

"आणि मिस्टर वीक्स?"

"त्यांना टाळ्या मिळतील! अशा माणसाला जन्मात कधी टाळ्या मिळाल्यायत का? त्यांचं काम झाल्यावर कोण टाळ्या वाजवतं?"

दोघं हसले. ऑर्फा पडदा सारून पुढे झाली.

"मिस्टर वीक्सना हे ठाऊक आहे?"

"अगंबाई, ऑर्फा!" मिसेस अपसननी तिच्या दंडावर हात ठेवला. "तू आपली शांतपणे वाजव. तुझं काम तू किती छान करतेस! साथीचं काम म्हणजे काय, दिसायचं नाही."

त्याच क्षणी कोट घालून निघून जावं असं तिला वाटलं. पण मागच्या रांगेत जोथम येऊन बसला होता, बायकोला घेऊन, आणि त्याच्या शेजारी तो धिप्पाड माणूस. उसना आणलेला कोट त्याला मनगटाशी आखूड होत होता. हातात टोपी. ऑर्फाने मनाशी म्हटलं, पियानो आपल्या हातात आहे. आपण घट्ट धरून ठेवलं तर त्याला फार काही करता येणार नाही. ही समजूत किती भोळी होती ते तिला लवकरच कळलं.

पहिल्या भागाच्या सुरुवातीला लँगडनने खरंच नीट वाजवलं. मग एका कर्कश सुरावर थांबून त्याने कानात बोट घालून हलवलं, जणू मळ निघतोय का ते बघितलं. पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. त्याला तेवढंच हवं होतं. तो भुवया उडवू लागला, सुरावरून घसरू लागला, गज चुकून हातातून निसटल्यासारखं करू लागला. हसणं रांगेरांगेने मागे गेलं. ऑर्फा मान खाली घालून वाजवत राहिली. पियानो तिने सोडला नाही. पण ती जितकी घट्ट वाजवी तितकी ती दोघं मिळून गंमत करतायत असंच दिसे, एक गंभीर चेहऱ्याची आणि एक विदूषक. तिचा गंभीर चेहराच त्याच्या कामी येत होता. हे तिच्या लक्षात आलं तरी हात थांबले नाहीत.

दुसरा भाग सुरू झाला. पियानोतून लोईसचं स्तोत्र निघालं आणि त्यावर व्हायोलिनने ते जड पावलांचं गाणं घेतलं. दोन ओळी लँगडनच्याही हातून साध्या गेल्या. ऑर्फाने मान उचलून मागच्या रांगेकडे पाहिलं. हेडलंडचे ओठ हलत होते. तो मनात शब्द म्हणत होता.

मग लँगडनने गुडघे वाकवले, डोळे मिटले आणि ते गाणं बोक्यासारखं ओढायला लागला. म्याँऽऽव.

दिवाणखाना फुटला. मिसेस अपसन रुमालाने डोळे टिपत होत्या. एक जाडी बाई शेजारणीच्या खांद्यावर कोसळली होती. हेडलंडला आधी कळलंच नाही. त्याने एका चेहऱ्याकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. इथले लोक असेच रडतात की काय, असं बघत होता तो. मग त्याला कळलं. तो उभा राहिला, खुर्ची हळूच मागे सरकवली, आवाज होऊ न देता, आणि टोपी घेऊन बाहेर गेला.

ऑर्फाचे हात पियानोवरून उठले. उठले ते मांडीवर येऊन पडले.

लँगडन एकटाच अजून थोडं कुंईकुंई करत राहिला. मग गज फिरवून तो म्हणाला, "बघा, आमचा पियानोही हसून हसून दमला!" टाळ्यांचा गडगडाट झाला. तिसरा भाग कागदाच्या चळतीत खालीच राहिला. कुणाला त्याची आठवण झाली नाही.

"कुठे आहेत आमचे विनोदवीर?" मिसेस अपसन टाचा उंचावून म्हणाल्या. "मिस्टर वीक्स! या, या, लाजू नका!"

जोथम आला. अंगात तोच काळा लांब कोट, जो घालून तो या प्रत्येकीच्या घरी कधी ना कधी गेला होता. तो रांगांमधून येताना दोघी-तिघींनी झगे आवरून घेतले. पुढे येऊन तो वळला, हसला आणि वाकला. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मग त्याने लँगडनपुढे हात केला. लँगडनने एका हातातलं व्हायोलिन आणि दुसऱ्या हातातला गज वर करून दाखवले, काय करू, दोन्ही अडकलेत! लोक पुन्हा हसले. जोथमचा लाल हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला आणि मग त्याने तो कोटाच्या खिशात ठेवला.

ऑर्फा स्वयंपाकघराच्या दारातून मागच्या अंगणात गेली आणि कुंपणाला धरून ओकली. पोटात काही नव्हतं, नुसतं पित्त निघालं. तोंड पुसून वळते तर हेडलंड तिथेच उभा. थोड्या वेळाने जोथमही आला. आतून बशांचा खणखणाट ऐकू येत होता.

"ते हसले," हेडलंड म्हणाला. त्याला इंग्रजी मोजकंच येत होतं.

"हो," जोथम म्हणाला.

"ते गाणं माझ्या बायकोचं."

"हो."

"त्यांना माहीत होतं?"

"नाही रे."

"माहीत असतं, तर हसले नसते?"

 हेडलंड चिखलात थुंकला. "तिच्या मयतावर जेली खातायत," तो म्हणाला आणि कुंपणाचं दार ढकलून निघून गेला.

"तुम्ही वाकलात," ऑर्फा जोथमला म्हणाली. "दोनदा."

"लोक टाळ्या वाजवत होते."

"हसत होते!"

"तेच ते. एवढे लोक उभे राहिले की त्यांना अवघडल्यासारखं होऊ द्यायचं नाही. सवय आहे गं. मी चेहरा पाडला असता तर त्यांना कुठे बघावं कळलं नसतं."

"मग न कळू देत! त्यांनी कुठेतरी बघावं म्हणून तुम्ही आमच्या लोईसला..." तिने पुन्हा तोंड पुसलं. "मला त्यांची किळस आली ती आलीच, मिस्टर वीक्स. पण तुमची जास्त आली."

जोथमने मान हलवली, जणू शवपेटीचं माप बरोबर असल्याचं कुणी सांगितलं होतं. मग तो आत गेला, बायकोला तिचा कोट द्यायला.

आठवड्याने वर्तमानपत्रात आलं की स्थानिक संगीतकाराच्या 'मजेदार तुकड्याने' श्रोत्यांची मनं जिंकली. त्याच दिवशी ऑर्फा नेहमीप्रमाणे लँगडनकडे गेली. तो खुशीत होता.

"हार्टफोर्डच्या क्लबातून बोलावणं आलंय! तोच तुकडा हवाय. या वेळी तुम्ही मधेच थांबायचं, हात मांडीवर ठेवायचे, ते तसंच्या तसं करायचं हं. ते फार झकास झालं. तुम्ही आणि मी, दोघं मिळून..." तो तिच्या खांद्यावरून वाकला. लवंग, तेल.

या वेळी ऑर्फाने श्वास रोखला नाही. नाकात सगळा वास येऊ दिला. मग ती उठली, त्याच्या स्टँडवरची व्हायोलिनची पानं काढली, आपल्या पियानोच्या पानांवर ठेवली आणि त्यांची गुंडाळी करून काखेत मारली.

"हे काय?"

"मिस्टर वीक्सना परत देतेय."

"अहो, त्यांची काही हरकत नाहीये! मी विचारलंय."

"माझी आहे."

लँगडन हसला. "आणि मुलींना साथ कोण करणार, मिस ब्रॉन्सन?"

"मांजर ठेवा," ऑर्फा म्हणाली.

जिना उतरताना ती मनाशी हिशेब करत होती. त्या गावात साथीची कामं सारी लँगडनच्या हातात आणि मंडळाची सारी मिसेस अपसनच्या. आता एखाद्या सिनेमागृहात पडद्याखाली बसून वाजवायला मिळालं तर मिळालं. पण रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की कित्येक दिवसांत पहिल्यांदाच आपल्याला भूक लागलीये.

हेडलंडच्या घरी ती रविवारी गेली. पितळ कामगारांच्या चाळवजा घरात, तिसऱ्या मजल्यावर. त्याने दार अर्धंच उघडलं.

"आज दुपारी माझ्या घरी याल?" ऑर्फा म्हणाली. "ते पुन्हा वाजवायचंय. पुरतं."

"पुन्हा हसणार?"

"नाही. फक्त मी आणि मिस्टर वीक्स असू. आणखी कुणी नाही."

त्याने बराच विचार केला. "कोट?"

"नको."

जोथम आपल्या गाडीतून घडीची पायपेटी घेऊन आला. व्हायोलिन वाजवणारा कुणी नव्हता. ती बाजू पायपेटीवर तोच वाजवणार होता. ती पानं परत द्यायला आली तेव्हाचं कामापुरतं सोडलं तर ऑर्फाशी तो त्या दिवसानंतर बोलला नव्हता आणि ऑर्फानेही माफी मागितली नाही. तिने फक्त पायपेटीसाठी पियानोजवळ जागा केली. पायपेटीचा भाता गळका होता, लांब सूर शेवटी खाली बसत. पहिल्या भागात दोघंही दोनदा चुकले, थांबले, मागे गेले. हेडलंड खिडकीजवळच्या खुर्चीत, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता.

दुसऱ्या भागात ती दोन गाणी एकमेकांवर आली. कानाला ती आजही टोचली. ऑर्फाला वाटलं होतं, या वेळी गोड लागतील. तशी लागली नाहीत. दोन्हीकडची माणसं पुन्हा आवाज चढवत होती, एकमेकांना ढकलत होती. मग वाऱ्याची ती जागा आली, पायपेटी गप्प झाली. मग तो गाळलेला सूर आला आणि ऑर्फाने बोट वर उचलून धरलं. हेडलंड मान खाली घालून बसला होता. तो गात नव्हता.

तिसरा भाग छोटासाच होता. टेकडीवरून खाली येणारी माणसं. रस्ता एकच. गाणं कसलंच नाही, नुसतं चालणं. पियानो आपल्या पट्टीत, पायपेटी आपल्या पट्टीत, पण पावलं हळूहळू बरोबर पडायला लागतात. मग कोणी या गल्लीत वळतं, कोणी त्या, आणि शेवटी एकाच माणसाची पावलं उरतात, तीही मधेच थांबतात. भात्यातली उरलेली हवा हुस्सकन निघून गेली.

 मग हेडलंड म्हणाला, "त्या दिवशी टेकडीवर मला तुमचा फार राग आला."

"मलाही. तुमचा," ऑर्फा म्हणाली.

"तुमचं कोण होतं?"

"बहीण. लोईस."

"लोईस." त्याने ते जड जिभेने, दोन तुकड्यांत म्हटलं. मग 'माझी' म्हणत छातीवर बोट ठेवलं. "एलिन."

"एलिन," ऑर्फा म्हणाली.

"लहान होती. वयाने." आणखी काही शब्द तो शोधत होता, सापडले नाहीत.

ऑर्फाने कॉफी केली. जोथम जमिनीवर बसून पायपेटीची घडी घालत होता. पेटीचे पाय आत गेले, सुरांच्या पट्ट्या आत गेल्या, पण झाकण काही केल्या बसेना. बिजागरी वाकली होती. हेडलंडने कप खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी जाऊन बसला. त्याने दोन्ही तळवे झाकणावर टेकवून अंगाचा भार दिला, आणि जोथमने पट्टा ओढून बकल लावलं.